सर्व प्रकारच्या युद्धकला आणि एक मोळी

खोटं बोलावं, पण लेखी बोलू नये. ही अक्कल मला बाविसाव्या वर्षी आली, आणि ती यायला लातूर, नांदेड, उदगीर एवढी गावं फिरावी लागली. आता गुडघे फिरू देत नाहीत, म्हणून बसल्या जागी लिहिते. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला नाही आणि उदगीरची ती गल्लीही पाहिली नाही, त्यांनी माझ्या पायांनी जाऊन यावं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग तेवढा ओला, बाकी सगळं कोरडं. पावसाळ्यात ढग आले होते, नाही असं नाही. पण मुलगी पाहायला येऊन, पोहे खाऊन, पुढं काहीच न कळवणारे पाहुणे असतात ना, तसे आले आणि गेले.

मुलींच्या एका शाळेत मी खेळाची बाई म्हणून लागले होते, तीही तात्पुरती. अर्जात ‘इतर पात्रता’ असा एक रकाना होता. तो कोरा ठेवला असता तर कुणी फासावर दिलं नसतं. पण तेव्हाच्या मला कोरं काही बघवायचं नाही. मी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘सर्व प्रकारच्या युद्धकला अवगत.’ खरं म्हणजे मला लेझीम येत होती आणि धाकट्या भावाच्या पाठीत बुक्की घालता येत होती.

दिवाळीच्या सुट्टीआधी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावून घेतलं. त्यांच्यापुढं माझा अर्ज उघडा होता.

“कांबळेबाई, नव्या जिल्ह्याचं हे पहिलं प्रजासत्ताक दिनाचं संचलन. आपल्या चाळीस मुली युद्धकला दाखवतील. कोणती ते तुम्ही ठरवा. चांगलं झालं तर तुम्हाला कायम करायचा प्रस्ताव पाठवते.”

“आणि नाही झालं तर?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्हाला सगळ्याच येतात ना?”

आमचं घर नायगावकडे. त्या वर्षी विहिरीनं तळ दाखवला होता आणि माझ्या पगारावर घरी ज्वारी येत होती. नोकरी गेली असती तर आईनं एक स्थळ हेरून ठेवलं होतं: मुदखेडला रेल्वेत असलेला, चहा बशीतून फुर्रकन ओढणारा आणि मला पाहून ‘उंची जरा कमी करता आली तर’ म्हणालेला. तेव्हा एवढ्या सुट्टीत एक तरी युद्धकला शिकून परत येणं भाग होतं. एकट्या मुलीनं गावोगाव फिरायचं नाही, म्हणून सोबतीला बाबांची थोरली बहीण निघाली. गंगूआत्या. दातांना मिश्री, कमरेला पिशवी आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत.

लातूर

पहिला मान कराटेला दिला, कारण तेव्हा तीच नवी होती. मुंबईहून शिकून आलेले एक मास्तर भुसार मालाच्या गोदामात वर्ग घेत. माल आलाच नव्हता, त्यामुळे गोदामात पाय फेकायला भरपूर जागा. पांढरेशुभ्र कपडे घातलेली पंधरा-वीस माणसं ओळीत उभी राहून हवेला बुक्क्या मारत होती, आणि दर बुक्कीला मास्तर ओरडत होते, “हाय्!”

आत्यानं थोडा वेळ ऐकलं. मग मला कोपरानं ढोसलं. “हा मानूस मघापासून हाय, हाय म्हनून राहिला. काय हाय ते तर सांगंना.”

“आत्या, ती आरोळी असते.”

“हाय्!” मास्तर.

“अहो, काय हाय?” आत्या.

सगळी ओळ हसली. मास्तर मात्र सज्जन होते. त्यांनी येऊन नीट समजावलं. कराटेत हत्यार नसतं, आपला हात-पायच हत्यार. फटका सरळ रेषेत जातो आणि गेला तसा परत येतो. शत्रू हातभर अंतरावर हवा. सुरुवातीला आणि शेवटी कमरेत वाकायचं. मग त्यांनी एक कौल हातानं फोडून दाखवलं.

“औंदा पाऊस न्हाई म्हनून चाललंय,” आत्या म्हणाली.

मी तर भाळलेच होते. मनातल्या मनात मुदखेडवाल्याची बशी त्या कौलासारखी फोडून झाली होती. पण मास्तर म्हणाले, “चाळीस मुलींना असे पांढरे जोड लागतील.” आमच्या मुली घरी दोन दोन कोसांवरून पाणी आणत होत्या. चाळीस पांढरे जोड धुवायचे कशात? कराटेला तिथंच वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी तालमीत गेलो. दारातच एका पैलवानानं हात आडवा धरला. आत मारुती आहे, बायकांना येता येत नाही. मला अडवायला त्याच्याकडे दोन कारणं असू शकत होती. एक बाई असण्याचं, आणि दुसरं आडनाव सांगितल्यावर त्याच्या डोळ्यांत दिसलेलं. कोणतं पुढं केलं होतं ते मी विचारलं नाही. आत्यानं विचारलं असतं, म्हणून तिला बसायला पायरी पुसून दिली.

पण वस्ताद स्वतः बाहेर आले आणि आमच्याच पायरीवर बसले. कान मोडलेले, आवाज एकदम मऊ. म्हणाले, “कुस्ती म्हंजे अंगाला अंग. मधी वारा बी जाऊ द्यायचा न्हाई. दुसऱ्याचा जीव नगं असतो आपल्याला. त्याची फक्त पाठ पायजे, मातीला लावायला.”

“आणि माती?” मी वहीत लिहीत विचारलं.

वस्तादांनी आत बोट केलं. हौदातली माती भेगाळून ढेकळं झाली होती. तिला पाणी लागतं, ताक लागतं, तेल, हळद. “प्यायला ताक न्हाई, तर मातीला कुठलं पाजू? दोन महिने झाले, पोरं नुसत्या जोरबैठका काढून राहिले.”

मी फार हळहळले. आणि हळहळ दाखवण्याच्या भरात, हे लोक सुरुवातीला करतात तसं काहीतरी आपणही करावं म्हणून, उठून मांडीवर फाडकन थाप मारली. त्याला शड्डू म्हणतात हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ ‘कोण आहे रे, ये पुढं’ असा होतो, हे नव्हतं. आतून तीन दांडगे पैलवान धावत बाहेर आले आणि मला पाहून जागीच थांबले. ते आव्हान देणाऱ्याला शोधत होते आणि पायरीवर फक्त एक वेणीवाली पोरगी, मांडी चोळत.

“घ्या की,” आत्या त्यांना म्हणाली. “लई दिवस झाले न्हवं माती न्हाई तुमाला.”

नांदेड

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या मागच्या बाजूला एक पिकल्या दाढीचे सरदारजी गतका शिकवायचे. पिढ्यान् पिढ्या नांदेडातले, त्यामुळे मराठी माझ्याहून चांगली. आपल्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी फरी-गदगा असा शब्द होता, तोच हा खेळ: एका हातात कातडी मुठीची काठी, दुसऱ्या हातात फरी, म्हणजे छोटी ढाल. शिकणाऱ्यांनी आधी शस्त्रांपुढं माथा टेकला आणि मग जे सुरू झालं ते मला वहीत उतरवताच येईना. कुस्तीत माणूस झाडासारखा रुजून उभा राहतो. इथं कुणी पळभर एका जागी थांबेना. पाय सतत फिरते, आणि काठी त्या पायांच्या मागून, जणू पायच तिला ओढत नेतायत.

“हे किती दिवसांत येईल?” मी विचारलं.

“तुमच्याकडे किती दिवस आहेत?”

“इथं तीन.”

सरदारजी हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, “बेटा, तीन दिवसांत लंगरात रोट्या लाटायला शिकशील. गतका हा दाखवायचा खेळ नाही, ही सेवा आहे. चला, आधी जेवा.”

आम्ही पंगतीत बसलो. घरची ज्वारी मोजून मोजून खाणाऱ्या आम्ही दोघी, आणि वाढणारे पुन्हा पुन्हा पुढ्यात येऊन उभे. आत्यानं चौथ्या रोटीला हात पुढं केला आणि माझ्या कानाशी म्हणाली, “इतका येळ झाला, आडनाव कुनी इचारलं न्हाई गं.” मग पाचवीही घेतली. दोन दिवस मी खरंच रोट्या लाटल्या. माझ्या रोट्यांना तिथल्या बाया ‘नवा जिल्हा’ म्हणत, कारण त्यांच्या सीमा कुठंच जुळत नव्हत्या.

निघताना सरदारजींनी उदगीरचा पत्ता दिला. “तिथं लकडीचे एक बुजुर्ग उस्ताद आहेत. मोतीबिंदूमुळं दिसत नाही फारसं, पण त्यांच्याएवढे पाय कुणाला कळत नाहीत. त्यांना सांग, मी पाठवलंय.”

मी ‘लकडीचे उस्ताद’ हे शब्द वहीत लिहिले. वाटलं, सुतार असावेत, फावल्या वेळात शिकवत असतील. तेव्हाच्या माझ्या बुद्धीची ही झेप लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

उदगीर

उदगीरला आत्याची एक मैत्रीण होती, तिच्याकडे उतरलो. बाजारात मराठीत भाव विचारावा, कानडीत नकार मिळावा आणि उर्दूत समजूत निघावी, असं ते गाव. संध्याकाळी उस्तादांकडे गेलो. किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत त्यांचं घर, पुढं सारवलेलं अंगण. डोळ्यांत दुधासारखे पांढरे मोती. लातूरच्या वस्तादाचं आणि या उस्तादाचं नातं मला आत्ता, इतक्या वर्षांनी लिहिताना, कळतंय. शब्द एकच, फक्त आमच्याकडे येताना रस्त्यात घासला गेला.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. कसं कोण जाणे, त्यांना मी खरं सांगितलं. अर्जातलं खोटं, चाळीस मुली, मुदखेडची बशी, सगळं. ते म्हणाले, “ठीक है. कल फजर के बाद आओ. लकडी लेके आना, भूलना नक्को.”

बाहेर आल्यावर आत्या खूश. “बघ, खानदानी मानूस. फी मागायला लाजला, जळन मागितलं.”

मलाही ते पटलं. शाळेच्या पुस्तकात धडा होता, शिष्य रानातून लाकडं आणतो आणि गुरू प्रसन्न होतो. पहाटे आम्ही स्टेशनाजवळच्या वखारीत गेलो. त्या वर्षी जळणाला तोटा नव्हता. कामासाठी गाव सोडून गेलेल्या लोकांनी छपरांचे बांबू विकून टाकले होते, त्यांचीच रास पडली होती. आत्यानं घासाघीस करून भलीमोठी मोळी बांधून घेतली आणि माझ्या डोक्यावर दिली. अर्ध्या उदगीरनं ती वरात पाहिली.

उस्तादांच्या अंगणात डझनभर गडी हातातल्या आखूड काठ्या फिरवत होते. मी आत शिरले आणि मोळी दाणकन खाली टाकली. सगळ्यांचे हात थांबले.

“क्या गिरा?” उस्तादांनी विचारलं.

“उस्ताद, वो लडकी लकडी लेके आई,” एकजण म्हणाला.

“तो शुरू कराओ.”

“उस्ताद, पूरा गठ्ठा लाई.”

मग कुणीतरी मला हळूच सांगितलं. लकडी हे त्या विद्येचंच नाव. लकडी लेके आना म्हणजे आपली काठी घेऊन ये. गड्यांनी माना खाली घातल्या होत्या, पण खांदे हलत होते. एवढ्यात आतून हसण्याचा एक मोठा फवारा आला आणि त्याच्यामागून उस्तादांच्या बायको, खालाबी, पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“हसू नक्को कोई,” त्या म्हणाल्या, स्वतः डोळे टिपत. “इत्ते बरस हुए, जो आया लकडी लेके आया. चूल्हे के लायक पहली बार कोई लाया.”

त्या दिवसापासून त्या घरात मी ‘गठ्ठेवाली’.

उदगीरला अकरा दिवस होतो. पहिले दहा दिवस उस्तादांनी मला काठीला हात लावू दिला नाही. फक्त पाय. एक, दो, पलट, बैठ. पुन्हा एक, दो, पलट, बैठ. त्यांना दिसायचं नाही, ते ऐकायचे. अंगणाच्या कोपऱ्यात बाजेवर बसून, डोळे मिटून, हातातल्या सुपारीच्या डबीवर बोट आपटत. मी चुकले की बोट थांबायचं.

“बायाँ पाँव देर से आता तुमारा.”

“उस्ताद, पुरुषांचे तर तुम्ही फटकेही घोटून घेता. शिर, तमाचा, बाहेरा, कमर. मला नुसतंच चालायला लावलंय.”

“वो सब हाथ का काम. हाथ तो बच्चा पैदा होतेच चलाता. पाँव सिखाना पडता.”

आत्या भिंतीला टेकून मिश्री लावत हे सगळं पाहायची. एका सकाळी तिनं मला जे सांगितलं ते माझ्या वहीतल्या पंधरा पानांपेक्षा बरं होतं. “हे बघ पोरी. ती मातीतली कुस्ती म्हंजे नवरा-बायकोचं भांडन, चिकटल्याबिगर होत न्हाई. ते हायवालं म्हंजे जावांचं, हातभर लांबून. आन् ही लकडी म्हंजे सासूचं. जवळ येऊ द्यायचं न्हाई, लांब जाऊ द्यायचं न्हाई, आन् सारखं गोल गोल फिरवायचं.”

“आणि नांदेडचं?”

तिनं मिश्रीचं बोट तोंडातून काढलं. “त्येला घरातलं नाव न्हाई. ते जेवू घालून लढत्यात.”

अकराव्या दिवशी उस्तादांनी माझ्या हातात काठी दिली आणि चार फटके सांगितले, एकेक. निघायच्या वेळी खालाबींनी दार उघडून आतला कोपरा दाखवला. माझी मोळी त्यांनी जाळलीच नव्हती. तुकडेताकडे तेवढे चुलीत गेले होते. सरळ बांबू निवडून, एकेकाचे दोन-दोन करून, गड्यांनी तासून गुळगुळीत केले होते. काठ्या मोजल्या. चाळीस भरल्या, वर दोन उरल्या.

“लोगाँ का छप्पर था ये,” खालाबी म्हणाल्या. “जलाने को जी नै करा.”

पुन्हा लातूर

नोव्हेंबर ते जानेवारी, रोज सकाळी, चाळीस मुली आणि चार पावलं. मला तेवढंच येत होतं, त्यामुळे तेवढंच घोटलं. पावलं पक्की झाल्यावर चार फटके. मोठ्या बाई कधीकधी खिडकीतून पाहायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. मी समजून चुकले होते की संचलनाच्या दिवशी सगळ्यांना कळणार: खेळाच्या बाईंना सर्व प्रकारच्या युद्धकलांपैकी चालता येतं.

सव्वीस जानेवारीला मैदानावर पाणी मारायला येणारा टँकर प्यायच्या पाण्यासाठी एका वस्तीकडे वळवला. बरोबरच होतं ते. पण त्याच वस्तीतली आमची लता रांगेत घागर धरून राहिली आणि चाळिसातली एक जागा रिकामी पडली. चौथी रांग, डावीकडून दुसरी. मोकळी जागा बघवायची नाही हा माझा रोग जुना. पदर खोचून मीच तिथं उभी राहिले.

उस्ताद आणि खालाबी सकाळच्या एसटीनं आले होते. आत्यानं त्यांना मोठ्या बाईंच्या मागेच सतरंजीवर बसवलं. पाहुणे खुर्च्यांवर. शिट्टी झाली. एक, दो, पलट.

कोरड्या मैदानावर चाळीस जणींनी एकदम पलटी घेतली तेव्हा काय होतं ते आम्हाला माहीत नव्हतं, कारण सराव शाळेच्या फरशीवर झाला होता. धूळ उठली. आधी घोट्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि ‘बैठ’ला तर अशी उसळली की मला माझ्या पुढची मुलगी दिसेना. आम्हाला थांबायचं कळत नव्हतं आणि पाहुण्यांना आम्ही दिसत नव्हतो. नुसत्या काठ्यांचा आवाज, ठक् ठक् ठक्, आणि धुळीच्या आतून मुलींचे हुंकार. बाहेरून वाटलं असणार, आत घनघोर काहीतरी चाललंय. आत आम्ही खोकत होतो.

धूळ बसली तेव्हा चाळीस जणी सलामीत उभ्या होत्या, डोक्यापासून पायापर्यंत एकाच मातीच्या रंगाच्या. टाळ्या थांबेनात. एका पाहुण्यांनी भाषणात ‘आपल्या जिल्ह्याच्या लेकींची विविध युद्धतंत्रे’ असं सांगितलंसुद्धा.

मोठ्या बाई पापण्यांवरची माती झटकत आमच्याकडे आल्या. “छान झालं असावं,” त्या म्हणाल्या. मग सतरंजीकडे वळल्या. “तुम्ही यांचे गुरू ना? तुम्हाला कसं वाटलं?”

अख्ख्या मैदानात ज्या माणसाला धुळीनं काहीच फरक पडला नव्हता, नेमकं त्यालाच त्यांनी विचारलं होतं.

उस्तादांनी डबीवरचं बोट उचललं. “अच्छा था. सब के पाँव बराबर. बस चौथी कतार में बाएँ तरफ एक है. उसका बायाँ पाँव देर से आता.”

“कोण ती?” मोठ्या बाई मुलींकडे पाहू लागल्या. “चौथ्या रांगेत डावीकडे कोण होतं?”

आत्या चक्क आभाळाकडे पाहत होती. मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

“मी, बाई. लता आली नाही.” आणि सुरुवात झालीच होती, म्हणून पुढचंही बोलून टाकलं. “अर्जात लिहिलेलं खोटं होतं. मला हे एवढंच येतं. आणि तेही, ते म्हणतायत तसंच.”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग एकोणचाळीस मुलींकडे.

“म्हणजे चाळिसात एकच चुकली,” त्या म्हणाल्या, “आणि ती शिकवणारी. मग शिकवण्यात खोट नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं, माझा अर्ज पुढं ओढला आणि लाल शाईनं ‘सर्व प्रकारच्या’ हे शब्द खोडले. वर काय लिहावं याचा जरा विचार केला. मग लिहिलं, ‘पायापुरती’. प्रस्ताव तसाच गेला: पायापुरती युद्धकला अवगत. तेवढ्यावर मी कायम झाले आणि सेवानिवृत्तीपर्यंत माझ्या कागदांत ते तसंच राहिलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुन्हा उदगीरला गेले, डाव्या पावलासाठी. अंगणात पाऊल टाकलं तर उस्ताद बाजेवर डोळे मिटून बसलेले. मी काही बोलायच्या आतच त्यांनी आत हाक मारली, “सुनो, गठ्ठेवाली आई.”